उन्हात पिकलेलं तेल

मुलुंडला आमच्या चाळीच्या मागच्या गॅलरीतून डोंगर दिसायचा. दिसायचा म्हणजे समोरची भिंत दिसते तसा, मुद्दाम कोणी बघायचं नाही. आई त्याच्या माथ्यावरचे ढग बघून कपडे आत घ्यायचे की नाही ते ठरवायची. माझा त्याच्याशी तेवढाही संबंध नव्हता. मी घाटकोपरला एका लहानशा कंपनीत टायपिस्ट होते, लग्नाला नाही म्हणत होते आणि माझ्या जिभेला हाड नाही असं चाळीत सर्वांचं एकमत होतं. ते खरंही होतं. पण ही गोष्ट माझ्या जिभेची नाही, बाबांच्या हातांची आहे.

बाबा परळच्या गिरणीत विणकाम खात्यात होते. संप झाला, गिरणीचं दार बंद झालं ते बंदच राहिलं, आणि काही दिवसांनी बाबा भांडुपच्या एका कारखान्यात वॉचमन म्हणून लागले. संपाबद्दल ते कधी एक अक्षर बोलले नाहीत. कोणी विषय काढलाच तर उठून गॅलरीत जायचे. ओरडले असते, शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, कारण मला तेवढंच कळतं. त्यांचं सगळं आत गेलं आणि मग हातांवर आलं असं मला वाटतं. आधी तळव्यांवर पांढरे खवले धरले, मग कातडी जाड झाली, मग भेगा पडल्या. डॉक्टरांनी सोरायसिस सांगितलं. हा लागणारा रोग नाही असंही बजावून सांगितलं आणि मलम लिहून दिलं. मलमाने उतरायचं आणि दोन आठवडे जरा बरं गेलं की पुन्हा वर यायचं.

बाबा पखवाज वाजवायचे. आमच्या चाळीत बहुतेक सगळे सिंधुदुर्गाकडचे, त्यामुळे भजनी मंडळ होतं, आणि मंडळात बाबांचा पखवाज म्हणजे बोलायचं कामच नव्हतं. गिरणीत दिवसभर मागांचा खडखडाट ऐकून घरी आलेला माणूस संध्याकाळी तेच हात कातड्यावर ठेवून असं काही वाजवायचा की माझ्यासारखी चुरूचुरू बोलणारी मुलगीसुद्धा गप्प बसायची. हात फुटल्यावरही त्यांनी वर्षभर वाजवलं. भेगांतून रक्त यायचं, ते वाजवायचे.

मग चाळीच्या गणपतीत एकदा आरती झाली आणि बाबांनी नेहमीसारखं प्रसादाचं ताट उचललं. मंडळाचे बुवा, म्हणजे भजनाचे मुख्य गायक आणि बाबांचे जुने दोस्त, पुढे आले. "दे रे हकडे, तू दमलंस," असं हसत म्हणाले आणि ताट त्यांनी स्वतःकडे घेतलं. अगदी प्रेमाने घेतलं, तेच वाईट होतं. मी तोंड उघडणार तोच बाबांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या तळव्याचा खरखरीतपणा मला अजून मनगटावर आठवतो. त्या दिवशी पखवाज आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर गेला. यापुढे वाजवणार नाही असं बाबा म्हणाले नाहीत. भजनाला गेले की ते फक्त हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. ते हात एकदा पुढे यावेत, एवढंच मला हवं होतं.

ऑफिसात शेजारच्या टेबलावर एक तमिळ मैत्रीण बसायची. डबा खाताना मी डॉक्टर, मलम आणि बुवा ह्या तिघांचा एकदम उद्धार करत होते, तेव्हा ती म्हणाली की त्यांच्याकडे अशा कातडीला एका झाडाचं तेल लावतात. स्टेशनच्या पलीकडे, बाजारामागच्या गल्लीत सिद्ध वैद्यकाचा कच्चा माल विकणारी एक बाई आहे, तिला जाऊन विचार. सिद्ध वैद्यक म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. आयुर्वेदाचा कोणी मद्रासी भाऊ असेल, असं म्हणून मी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत गेले.

दोन भिंतींच्या मध्ये उरलेल्या जागेत ते दुकान होतं. दारात गोणी, आत छतापर्यंत पत्र्याचे डबे आणि लाकडी खण. पाऊल टाकलं आणि वास अंगावर आला. सुंठ, गंधक, कसलीतरी कडू साल आणि त्या सगळ्याच्या तळाशी खारट, किनाऱ्यावरचा वास. मी नाकाला रुमाल लावला. आत एक जाडजूड म्हातारी बसली होती, दोन्ही नाकपुड्यांत चमक्या घातलेली.

"रुमाल काढ गं," ती म्हणाली. "औषध नाकापासूनच सुरू होतं."

तिचं मराठी मासळीबाजारात कोळणींकडून शिकलेलं होतं, त्यामुळे त्यात 'तू' सोडून दुसरं काही नव्हतं. सगळे तिला अम्मा म्हणायचे. ती वैद्य नव्हती. वैद्य तिचा नवरा होता, तो माणसं तपासायचा आणि ही माल तपासायची. तो गेल्यावर माल हिच्याकडे राहिला, आणि चेंबूर-धारावीचे वैद्य अजून तिच्याच दारात येत. हे सगळं तिने मी न विचारताच सांगितलं. स्वतःची स्तुती करण्यात तिला अजिबात संकोच नव्हता. तिच्यासारखी मालाची पारख ह्या गावात कोणाला नाही, हेही तिनेच सांगितलं.

मी म्हटलं, माल कसला, दगडधोंडे तर दिसतायत. ती चिडेल असं वाटलं होतं. तिने उलट पदर खोचला आणि एकेक खण उघडायला लागली.

काही गोष्टी माझ्या ओळखीच्या होत्या. हिरडा, पिंपळी, काडेचिराईत, आईच्या डब्यातला बिब्बा. पण त्यांच्या पलीकडे जे निघायला लागलं ते बघून माझी बडबड हळूहळू बंद पडली. गंधकाचे पिवळे खडे. हिराकशीचे हिरवे, बाटलीच्या काचेसारखे. पोवळ्याचे तुकडे, शंख, शिंपले, गोगलगाईंची रिकामी घरं. मोरपिसांची एक जुडी, जाळून राख करायला ठेवलेली. एका डब्यात पारा होता. तिने डबा जरासा कलता केला, आणि ते जड चकचकीत थेंब एकमेकांना शोधत धावले आणि एक झाले. मग तिने माझ्या हातावर एक दगड ठेवला. करडा, सुपारीएवढा. मी उलटा केला तर त्याला नांग्या होत्या.

खेकडा होता तो. दगड झालेला. पाठीवरच्या रेघा, पोटाखालचं झाकण, सगळं जागच्या जागी. आम्ही मालवणी माणसं, कुर्ली उलटी करून नर की मादी हे मी सहाव्या वर्षी सांगत होते. मी त्या दगडाच्या पोटाकडे बघितलं आणि म्हटलं, मादी आहे. अम्मा मोठ्याने हसली. एवढी वर्षं हा दगड विकते पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं, असं म्हणाली. मुतखड्यावर देतात तो. दगडावर दगड.

शेवटी तिने कापसात गुंडाळलेली एक पिवळी गोळी दाखवली, अंड्यातल्या बलकाच्या रंगाची. गोरोचन. बैलाच्या पित्ताशयात कधीतरी, हजारात एखाद्याच्या, असा खडा धरतो. तो देवनारहून यायचा, कत्तलखान्यातून. गोवंडी-देवनारकडून वारा आला की ऑफिसात आम्ही खिडक्या लावून घ्यायचो, आणि तिथूनच हे येत होतं, देवघरात ठेवावं असं. जे आपण फेकतो, ज्याच्याकडे नाक मुरडतो, ज्यावर पाय देऊन जातो, ते सगळं कोणीतरी कधीतरी उचलून, वास घेऊन, चाखून बघितलं होतं. पोटात घेऊन बघितलं होतं, मरणाची भीती न बाळगता. मला एकदम त्या न पाहिलेल्या माणसांपुढे फार लहान झाल्यासारखं वाटलं.

"ह्या सगळ्यात राग असतो," अम्मा खण लावत म्हणाली. "कोणाला मुळासकट उपटलं, कोणाला जमिनीतून खणलं. राग येणारच. बिब्बा कच्चा लाव, कातडी जाळतो. गंधक कच्चा खा, पोट जाळतो. गंधक तुपात वितळव, दुधात ओत, परत वितळव, परत ओत. राग गेला की तोच औषध. आमचं अर्धं काम राग काढायचं." मग माझ्याकडे वरून खाली बघून ती म्हणाली, तुझा काढायला दूध पुरायचं नाही. मला राग यायला हवा होता, पण हसू आलं. चाळीत असं तोंडावर बोलायची कोणाची छाती नव्हती.

बाबांच्या हातांचं तिने शांतपणे ऐकून घेतलं. किती जुनं, खाज किती, रक्त येतं का, झोप लागते का. मग म्हणाली, ह्याचं पान माझ्याकडे नाही, ते ताजंच लागतं, वाळलं की गेलं. राहतेस कुठे? मी मुलुंड म्हटलं तर ती मांडीवर हात मारून हसायला लागली. ते झाड तुझ्या घरामागच्या डोंगरावर आहे, आणि तू औषधाला घाटकोपरला येतेस. आमच्याकडे ह्याला काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, असं मी सांगितलं. तिला ते इतकं आवडलं की पुढे प्रत्येक भेटीत माझ्यावरच वापरलं.

तिने एक वाळलेली शेंगांची जोडी दिली, खुणेला. ओल्या असताना ह्या दोघी खाली टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात, तेच बघायचं. पान हाताने खुडायचं, हाताने फाडायचं, लोखंड लावायचं नाही. काचेच्या बरणीत घाण्याचं खोबरेल, त्यात पानं, वर फडकं. आणि बरणी उन्हात. विस्तव अजिबात नाही. तेलाचा रंग बदलला की समजायचं तयार झालं. कुठला रंग, हे तिने सांगितलं नाही. तुला कळेल, म्हणाली. पथ्यात वांगं नाही, चिंच नाही, मासे नाहीत.

घरी हे सांगितल्यावर बाबांनी सगळं मान डोलावून ऐकलं आणि शेवटाला आल्यावर म्हणाले, "माशे नाय? मगे बरो होवन करूचा काय?" किती दिवसांनी ते काहीतरी गमतीचं बोलले होते. आई तोंडाला पदर लावून हसत होती.

मे महिना होता. रविवारी सकाळी बाबा आणि मी डोंगर चढलो. इतकी वर्षं त्याच्या पायथ्याशी राहून आम्ही दोघेही पहिल्यांदाच चढत होतो. दहा मिनिटांत मला धाप लागली आणि बाबा पुढे, वॉचमनच्या बुटांत, करवंदीच्या जाळ्या बाजूला सारत. खिशातली शेंग काढून बघायची त्यांना गरजच पडली नाही. एका उतारावर ते थांबले. झाड फार मोठं नव्हतं. पांढऱ्या फुलांचे झुबके, कोवळी पानं आणि खाली लोंबणाऱ्या शेंगांच्या जोड्या, टोकाशी एकमेकींना धरून राहिलेल्या. बाबांनी एक पान तोडलं. देठातून दूध आलं.

"ह्यो काळो कुडो," ते म्हणाले. "आमच्या परड्याच्या मागे होतो."

मग ते बाकीची झाडं दाखवायला लागले. ही रिंगणी, हा पांढरा कुडा, ह्याच्या फुलांची भाजी, त्याच्या सालीचा काढा. मला वाटायचं माझे बाबा म्हणजे गिरणी, आणि गिरणी संपली म्हणजे बाबा संपले. त्यांच्या आत हा अख्खा डोंगर होता हे मला माहीत नव्हतं. पिशवीभर पानं घेऊन आम्ही उतरलो तेव्हा मी त्यांच्याशी बोलायलाही जरा बिचकत होते.

आणि दुसऱ्या दिवशी त्या पानांची वाट लागली. बाबा ड्युटीवर, मी ऑफिसात. आईने विचार केला, उन्हात ठेवलेलं तेल कधी व्हायचं. तिच्या आईने, आजीने माक्याचं, जास्वंदीचं, ब्राह्मीचं तेल आयुष्यभर एकाच रीतीने केलेलं, पाला चिरायचा आणि कढवायचा. तिने पाट मांडला, विळी घेतली, पानं मेथीसारखी बारीक चिरली आणि स्टोव्ह पेटवला. बाबा घरी येईपर्यंत तेल गाळून तयार ठेवायचं होतं तिला. मी आले तेव्हा खोलीभर जळक्या भाजीचा वास होता आणि बाटलीत काळपट चॉकलेटी काहीतरी.

मी बोलायला सुरुवात केली. आई म्हणाली, "उनात काय तेल होता? तेल चुलीर कडवूक व्हया." तिच्या आवाजात भांडण होतं, पण डोळे भरले होते. बाबांनी मला हाताने गप्प केलं, ते तेल घेतलं आणि तिच्यासमोर दोन्ही तळव्यांना चोळलं. आठवडाभर चोळत राहिले. हात जास्तच चुणचुणायला लागले, तरी त्यांनी तिला सांगितलं नाही. तिनेच एकदा त्यांना अंधारात हातांवर फुंकर घालताना बघितलं आणि बाटली मोरीत ओतून टाकली.

थोडंसं तळाचं उरलं होतं ते मी अम्माकडे नेलं. तिने नुसता वास घेतला.

"विळी," ती म्हणाली. "आणि स्टोव्ह."

मग तिने मला अशी झापली की शेजारचा मसालेवाला बाहेर येऊन बघायला लागला. जे आग करतं त्याला आगीवर ठेवलंस, लोखंडाने कापलंस, आता ते शांत कसं होणार. बोलता बोलता ती थांबली. झाडाला विचारलं होतं ना, म्हणाली. मी म्हटलं, म्हणजे काय विचारायचं? आता मात्र तिचा रागच गेला. ती कपाळाला हात लावून नुसती बसली. हे पण सांगायला लागतं, म्हणाली. झाडाला हळदीचा दोरा बांधायचा. आपण कोण, काय झालंय, किती नेणार, कशाला नेणार, हे त्याला सांगायचं. आमच्यावर राग ठेवू नको म्हणायचं आणि मग हात लावायचा. ही औषधं शोधणाऱ्या सिद्धपुरुषांनी असंच घेतलं. न विचारता घेतलं तर ती चोरी, आणि चोरीचा माल अंगी लागत नाही.

मी हे घरी सांगितलं तेव्हा मला बाबा हसतील असं वाटत होतं. ते हसले नाहीत.

"माका कळाक व्हया होता," ते म्हणाले. "गावाक आंब्याचो पयलो हात काढूच्या आधी गाऱ्हाणा घालतो आम्ही. मुंबैत येवन इसारलंय."

मे संपत आला होता. रोज दुपारी डोंगरावर ढग जमायचे आणि आई आता कपड्यांसाठी नाही, अजून न भरलेल्या आमच्या बरणीसाठी त्यांच्याकडे बघायची. रविवारची वाट न बघता बाबांनी एका सकाळी सुट्टी टाकली, मीही ऑफिसात डोकं दुखतंय म्हणून कळवलं, आणि आम्ही पुन्हा चढलो. बाबांनी अंघोळ करून धुतलेला पांढरा शर्ट घातला होता. हळदीत भिजवलेला दोरा आईने स्वतः वळून दिला होता.

झाडाखालची जागा त्यांनी हाताने साफ केली, दोरा बांधला, नारळ ठेवला आणि चपला लांब काढून उभे राहिले. गाऱ्हाणं एकट्याने घालता येत नाही. एकजण देवापुढे बोलतो आणि जमलेले पुरुष प्रत्येक वाक्याला होकार देतात. बायका मागे उभ्या असतात, त्या काही बोलत नाहीत. बाबांनी आजूबाजूला बघितलं आणि मला म्हणाले, "तूच म्हण. दुसरो कोण हा हयसर?"

मग त्यांनी त्या भेगाळलेल्या हातांची ओंजळ केली.

"बा देवा म्हाराजा! ह्या डोंगराच्या राखणदारा! आज ह्या तुझा लेकरू तुझ्या पायाकडे इला हा. पयल्या वेळाक न इचारता पानां नेलंय, ता चुकलंय, ती चूक पदरात घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा," मी म्हटलं. माझा आवाज इतका बारीक निघाला की मलाच ऐकू आला नाही.

"ह्या हातांका जा काय लागला हा, ता दूर कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा."

"माझी गिरण गेली. माझ्या पोटात राग रवलो हा. तो घे, आणि ह्या हातांका परत वाजवूक दी रे म्हाराजा!"

संपानंतर त्यांच्या तोंडून 'गिरण' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. दोस्तांना नाही, बायकोला नाही, मुलीला नाही, एका झाडापुढे सांगितलं त्यांनी. मला रडू फुटलं, आणि रडत रडतच मी ओरडले, होय म्हाराजा. डोंगर त्यावेळी इतका शांत होता, जणू आमचं बोलणं संपायची वाट बघत होता. मग बाबांनी एकेक पान बोटांनी खुडलं. अगदी थोडी घेतली, पहिल्यापेक्षा निम्मीसुद्धा नाहीत.

घरी आई आणि मी जमिनीवर बसून पानं हातांनी फाडली. विळी आईने पलंगाखाली ढकलून दिली होती. लोणच्याच्या काचेच्या बरणीत खोबरेल ओतलं, पानं घातली, फडकं बांधलं आणि बरणी मोरीच्या पत्र्यावर ठेवली. ऊन सरकेल तशी बरणी सरकवायला लागायची. हळूहळू अख्ख्या चाळीला ते काम लागलं. अगं तुमचं लोणचं सावलीत गेलं, असं कोणीतरी ओरडायचं आणि कोणीतरी जाऊन सरकवायचं. लोणचं नाही, औषध आहे, कुणाच्या हातांचं आहे, हे सगळ्यांना कळायला वेळ लागला नाही.

तेल तेलासारखंच राहिलं. पानं सुकल्यासारखी दिसायला लागली. एका दुपारी मी ऑफिसातून लवकर निघाले, कारण घाटकोपरला आभाळ भरून आलं होतं. मुलुंडला उतरले तर रस्ते ओले. मी धावत घरी आले. पत्र्यावर बरणी नव्हती. आई बाजारात गेली होती, बाबा ड्युटीवर. मी गॅलरीत उभी राहून काय करावं ते न कळून नुसती बघत होते, तेव्हा बुवांनी त्यांच्या खोलीच्या दारातून मला हाक मारली.

बरणी त्यांच्या देव्हाऱ्याशेजारी ठेवलेली होती, कोरड्या पंच्याने नीट पुसून. पाऊस इलो, कोण नव्हता, म्हणून घेऊन इलंय, एवढंच ते म्हणाले. त्यांचा सदरा पाठीवर पूर्ण भिजलेला होता. वर्षभर त्यांच्यासाठी जपून ठेवलेली वाक्यं माझ्याकडे होती, एकापेक्षा एक धारदार. त्यातलं एकही मला त्यावेळी सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. बाबांची दुपारची पाळी होती, म्हणून त्यांनीच बरणी बुवांकडून आणली आणि पत्र्याकडे निघाले. मी ऑफिसला जायला वेणी घालत होते. "गो, हकडे ये," अशी हाक आली. ती हाक ऐकून मी तशीच धावले.

बाबा बरणी दोन्ही हातांत धरून उन्हात उभे होते. ऊन तेलातून आरपार येत होतं आणि त्यांच्या पांढऱ्या शर्टावर छातीवर जांभळा उजेड पडला होता. पिकलेल्या जांभळाचा रंग, त्याहून गर्द, त्याहून स्वच्छ. पानं हिरवी, तेल पांढरं, ऊन पिवळं, ह्यात जांभळं होतंच कुठे? त्या झाडाने ते आपल्यात दडवून ठेवलं होतं. इतकी वर्षं आमच्या डोळ्यांसमोर उभं होतं आणि कोणाला दाखवलं नव्हतं. विस्तवाला दिलं नाही, विळीला दिलं नाही, फक्त विचारल्यावर आणि वाट बघितल्यावर दिलं. मी त्यानंतर पुष्कळ जग बघितलं, पण इतकी थक्क कधी झाले नाही. आई आली, तिने बघितलं आणि बरणीला हात जोडले.

त्या तेलाने सगळं बरं झालं असं मी म्हणणार नाही. कशाने किती झालं ते मला माहीत नाही. तेल होतं, पथ्य होतं, डोंगरावर बोललेलं ते एक वाक्यही होतं. पण पावसाळाभर बाबा दिवसातून दोनदा तेल लावून बसायचे, हात गुडघ्यांवर उताणे ठेवून, आणि खवले हळूहळू निघाले. भेगा मिटत गेल्या. खाली नवी, गुलाबी, लहान मुलासारखी कातडी आली. तिच्यावर जांभळट झाक राहायची ती काही धुतली जायची नाही.

गणपतीच्या आदल्या दिवशी बाबांनी स्वतःच माळ्यावरून पखवाज काढला. कणीक मळली, डाव्या बाजूला लावली, कान जवळ नेऊन थाप मारली. चाळीत एकेक दार उघडत गेलं.

आरतीच्या संध्याकाळी ते वाजवत होते तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही, हातच बघत राहिले. आरती संपली. सवयीने बाबा उठले, मागे सरकले आणि हात पाठीशी बांधले. बुवांनी प्रसादाचं ताट उचललं, गर्दीतून वाट काढत त्यांच्यापर्यंत आले आणि ताट पुढे धरून उभे राहिले. बुवा हलले नाहीत. मग बाबांचे हात पुढे आले. ताट घेतलं त्यांनी. बुवांनी सगळ्यांच्या आधी स्वतःची ओंजळ पुढे केली आणि त्या जांभळ्या बोटांमधून पंचखाद्य घेऊन तिथेच तोंडात टाकलं.

मी रांगेत शेवटी होते. बाबांनी माझ्या तळहातावर प्रसाद ठेवला. मग ताटात उरलेल्याच्या दोन पुड्या बांधून त्या माझ्या दुसऱ्या हातात दिल्या. एक कोणाची ते मला माहीत होतं, ती मी सकाळी घाटकोपरला नेणारच होते. दुसरीचं मी विचारलं.

"ती झाडाची," बाबा म्हणाले. "फाटेक उठान डोंगरार जावया. तुका परत होय म्हाराजा म्हणूक लागात."